हिंग लावलं, गोळी घेतली, तरी सकाळची कळ काही जात नाही

पत्र:

डॉक्टरताई नमस्कार, मी ३४ वर्षांची, कराडजवळ राहते, शाळेत शिक्षिका आहे, सकाळची शाळा असते. गेले सात-आठ महिने पोटात मुरडा येतो, बहुतेक सकाळी चहा झाला की. संडासला जाऊन आलं की बरं वाटतं. कधी पातळ होते, कधी दोन-दोन दिवस होतच नाही. सासूबाई बेंबीला हिंग लावतात, ओवा देतात, मिस्टर म्हणतात गॅस आणि टेन्शन. मी मेडिकलमधून पाळीत घ्यायची ती दुखण्याची गोळी आणते, आठवड्यात तीन-चार तरी होतात. वजन वगैरे काही कमी झालं नाही, शाळेत कॅम्प झाला त्यात हिमोग्लोबिन साडेआठ निघालं पण बायकांचं तेवढं असतंच म्हणाले. इतके दिवस मी लक्ष दिलं नव्हतं पण दिवाळीत धाकट्या दिरांचं पोट दुखायला लागलं, सगळ्यांनी गॅस म्हणून सोडा दिला, मग एरंडेल दिलं, मध्यरात्री दुखायचं कमी झालं म्हणून सगळे झोपलो आणि पहाटे त्यांना थंडी वाजून ताप भरला. नेलं तर अपेंडिक्स फुटलेलं. अकरा दिवस दवाखान्यात होते. आता मला जरा कळ आली तरी धस्स होतं. गॅसचं दुखणं कुठलं आणि डॉक्टरकडे पळायचं दुखणं कुठलं हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

उत्तर:

तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

तू अपेंडिक्सला घाबरून पत्र लिहिलंस आणि मला मात्र वाचताना तो हिमोग्लोबिनचा आकडा टोचला, जो तू ओघात सांगून पुढे निघून गेलीस. त्याच्याकडे येतेच. पण आधी दिरांचं बोलू, कारण ते डोक्यातून गेल्याशिवाय बाकीचं तुला ऐकू यायचं नाही.

आतडं म्हणजे नळी. लहान आतडं साधारण सहा मीटर आणि मोठं दीड मीटर. गंमत अशी की या नळीला कापलं तरी फारसं कळत नाही पण ताणलं, फुगवलं, पिळलं की लगेच कळतं. त्यामुळे गॅस असो, जुलाब असोत, नळी आवळते तेव्हा कळ येते आणि सैल सोडते तेव्हा जाते, आणि हे दुखणं नेमकं कुठे आहे ते माणसाला सांगता येत नाही, तो अख्खा तळहात बेंबीभोवती फिरवतो. मी पेशंटला म्हणते एका बोटाने दाखवा. तळहात फिरवला तर मी जरा निवांत होते, एका बोटाने जागा दाखवली आणि वर माझा हात तिथे जायच्या आधीच पोट आवळून घेतलं तर मी निवांत राहत नाही.

अपेंडिक्सचं दुखणं या दोन्हीतून जातं म्हणून फसवतं. सुरुवातीला ती बारकी नळी आतून तुंबते, फुगते, आणि तिच्या नसा मणक्यात जिथे जातात तिथेच बेंबीच्या भागाच्या नसाही जातात म्हणून दुखतं बेंबीपाशी. मोघम, गॅससारखंच. जेवण नकोसं होतं, मळमळतं, एखादी उलटी होते. मग काही तासांत, बहुतेक वेळा दिवसभराच्या आत, सूज बाहेर येऊन पोटाच्या आतल्या अस्तराला लागते आणि त्या अस्तराला मात्र नेमकी जागा कळते, मग दुखणं खाली उजवीकडे सरकतं आणि तिथेच मुक्काम करतं. तुझ्या दिरांना विचार, संध्याकाळी बेंबीपाशी होतं आणि रात्री उजवीकडे गेलं का. बहुतेक हो म्हणतील. सगळ्यांचंच असं पुस्तकातल्यासारखं होत नाही, म्हाताऱ्या माणसांत, लहान मुलांत आणि गरोदर बाईत तर अपेंडिक्स अगदी वेगळीच सोंगं घेतं, पण दुखणं सरकलं ही खूण मी तरी कधी हलक्यात घेत नाही.

आणि मध्यरात्री कमी झालं ना, तिथेच घात झाला. तुंबलेली नळी फुटली की आतला दाब सुटतो आणि थोडा वेळ खरंच बरं वाटतं. घरचे देवाला हात जोडून झोपतात. मग तो पू पोटात पसरतो आणि ताप, थंडी, पोट फळीसारखं कडक. तुम्ही काही गुन्हा केला नाहीत, आपल्याकडे दर दुसऱ्या घरात हेच झालं असतं. इंग्लंडच्या राजाचं तरी काय वेगळं झालं, सातवा एडवर्ड, १९०२ सालचा जून, राज्याभिषेक दोन दिवसांवर, परदेशचे पाहुणे येऊन बसलेले आणि राजा पोट धरून ऑपरेशनला नाही म्हणतोय. शेवटी डॉक्टरांनी कापून पू काढला आणि राज्याभिषेक ऑगस्टवर गेला.

पण एरंडेलाबद्दल मी बोलणारच. ज्या पोटदुखीचं कारण माहीत नाही तिच्यावर एरंडेल नको, कायमचूर्ण नको, एनिमा नको. सुजलेल्या, तुंबलेल्या आतड्याला वरून ढकलणं ते. तसंच नळ भरलेत म्हणून किंवा बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणं, ते चोळणारे काका किंवा मावशी प्रत्येक गावात असतात आणि साध्या गॅसला त्यांचा हात लागला की बरंही वाटतं म्हणून तर त्यांचं नाव झालेलं असतं. अपेंडिक्सवर तोच हात पडला तर? सासूबाईंच्या हिंगाला मात्र माझी काही हरकत नाही. ओवा, कोमट पाणी, गरम पाण्याची पिशवी, चालू दे. फक्त ते करून तास दोन तासात उतार पडतोय का ते घड्याळात बघायचं, अंदाजाने नाही. रात्री पोट दुखत असताना अंदाजाची वेळ फार खोटी असते, 'आत्ताच तर सुरू झालं' म्हणणाऱ्याला विचारलं की कळतं सहा तास होऊन गेलेत.

आता घरी काय बघायचं. मी क्लिनिकमध्ये जे करते त्यातलं अर्धं तुला घरी करता येतं, त्याला मशीन लागत नाही. एक म्हणजे माणूस कसा पडलाय ते बघ. मुतखड्याचा पेशंट एका जागी बसतच नाही, उठतो, फेऱ्या मारतो, गुडघ्यावर बसतो, कळ कमरेतून पुढे जांघेकडे उतरत जाते. याउलट पोटात पू किंवा काही फुटलेलं असेल तर माणूस गप्प पडून राहतो, गुडघे पोटाशी, कूस बदलायला तयार नाही, खोकायला सांगितलं तर तोंडावर कळ दिसते. रिक्षाने आलेल्या पेशंटला माझा ठरलेला प्रश्न असतो, स्पीडब्रेकरला काय झालं? 'प्रत्येक स्पीडब्रेकरला जीव गेला हो' म्हणाला की मी लगेच पुढच्या तयारीला लागते. लहान पोराला तेवढं सांगता येत नाही, त्याला म्हणायचं एका पायावर लंगडी घाल बघू. पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवणारं पोर लंगडी घालतं, अपेंडिक्सवालं एक उडी मारून खाली बसतं. यावरून अपेंडिक्स नाहीच असं ठरवू नकोस हं, पण असल्याचा संशय मात्र पक्का येतो.

मग गॅस सरतोय का. हा प्रश्न विचारताना लोक हसतात पण फार कामाचा आहे. कळा येतायत, पोट फुगत चाललंय, उलट्या होतायत, हिरव्या पिवळ्या, आणि संडास नाही गॅसही नाही, तर आतडं कुठेतरी अडकलंय असं धरून निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. विशेषतः आधी पोटाचं कुठलंही ऑपरेशन झालं असेल, सिझेरियनसुद्धा, किंवा हर्निया असेल तर.

उजव्या बरगडीखाली, तेलकट खाल्ल्यावर रात्री कळ, मागे खांद्याच्या पाटीपर्यंत, ते पित्ताशयातल्या खड्यांचं. यात मी स्वतःच फसलेय, सांगायला लाज वाटते पण सांगते. दीड वर्ष अॅसिडिटी म्हणून गोळ्या गिळत होते, पेशंटला ओरडायचे आणि स्वतः तेच करायचे, शेवटी भाचीच्या मुलाच्या बारशाला चार बटाटेवडे खाल्ले आणि रात्री दोन वाजता बाथरूमच्या फरशीवर बसून नवऱ्याला म्हणाले की आता सोनोग्राफी करून टाकूया. खडे निघाले. तेव्हा डॉक्टर बायकोलाही गॅस होतो आणि गॅस नसतोही.

सगळ्यात जास्त भीती मला ज्याची वाटते ते दुखणं पोटाचं नसतंच. पन्नाशीच्या पुढचा माणूस, डायबेटिस किंवा बीपी, सिगारेट असेल तर चाळिशीतलाही, छातीच्या खाली बेचक्यात जडपणा, मळमळ, आणि घाम, असा घाम की बनियन चिकटतो. हा माणूस हमखास सोडा पितो, ढेकर येतो, म्हणतो बघ गॅसच होता. हार्ट अॅटॅकचं दुखणं असं वरच्या पोटात येतं, बायकांमध्ये आणि डायबेटिसवाल्यांमध्ये तर छातीत काही न दुखताही येतं. मिस्टरांना हा परिच्छेद वाचून दाखव, कारण गॅस हा शब्द तुमच्या घरात त्यांचा आहे. असं काही वाटलं तर एक ईसीजी, तो साधा निघाला आणि त्रास चालूच राहिला तरी परत काढायचा. १०८ ला फोन करायला लाजायचं नाही आणि त्या माणसाला स्वतः गाडी चालवत तर अजिबात न्यायचं नाही.

आणखी दोन गोष्टी घरात कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. पाळी चुकलीय किंवा पुढे गेलीय आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, थोडं रक्त दिसतंय, कधीकधी खांद्याच्या टोकाला दुखतं, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि ती नळी फुटली की आत रक्त साठतं, बाहेर दिसतसुद्धा नाही. लग्न झालंय का नाही, मूल न होण्याचं ऑपरेशन झालंय का, कॉपर टी आहे का, याने फरक पडत नाही, प्रेग्नन्सी टेस्ट करायची आणि निघायचं. दुसरं मुलग्यांचं. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा खालच्या पोटात दुखतंय म्हणतो, उलटी करतो, नीट चालत नाही, आणि खरं दुखत असतं वृषणात पण आईसमोर कसं सांगणार. तिथे पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत सोडवला तर वाचायची शक्यता चांगली, नंतर दर तासाला कमी होत जाते. तुझ्या वर्गात या वयाची मुलं असतील म्हणून मुद्दाम सांगितलं. असा मुलगा पोट धरून बसलेला दिसला तर पीटीच्या सरांना त्याच्याशी एकट्याने बोलायला सांग.

जुलाब आणि मुरडा हे मात्र बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपलं आपण जातं, तिथे काम पाण्याचं. ओआरएसचं पाकीट आणताना डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघून घे, नुसती गोड ज्यूसची खोकी नकोत, आणि नाहीच मिळालं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. अर्धा म्हणजे अर्धाच, मीठ जास्त झालं तर मुलांना त्रास होतो. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी, तोंड सुकलेलं, पाणी पोटात टिकतच नाही, यातलं काही दिसलं तर घरचा कारभार बंद.

आता तुझं.

सकाळी चहा घेतला की पोटात मुरडा, संडासला जाऊन आलं की बरं. पोटात काही पडलं की मोठं आतडं जागं होऊन पुढची जागा रिकामी करायला बघतं, ही सगळ्यांचीच सवय, सकाळी जरा जास्तच. काही जणांचं आतडं त्यावेळी गरजेपेक्षा जास्त आवळतं आणि त्यांना ते जास्त जाणवतंही. महिन्यांमागून महिने असं चाललं, आठवड्यातून एकदा तरी दुखलं, संडासशी त्याचा संबंध असला, कधी पातळ कधी बद्धकोष्ठ झालं तर डॉक्टर त्याला आयबीएस म्हणतात. पत्राचा पहिला भाग वाचून मीही तेच म्हणाले असते. आणि मिस्टर टेन्शन म्हणतात ते पूर्ण चूक नाही, आतड्याला स्वतःच्या नसांचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याचं सतत बोलणं चालू असतं, सात वाजता शाळा गाठायचीय या विचाराने पोट ढवळतं ते खरं ढवळतं. तेव्हा 'मनाचे खेळ' हे शब्द घरात कोणी वापरले तर माझ्या नावावर भांड.

पण आयबीएसने हिमोग्लोबिन साडेआठ होत नाही. होतच नाही. इथे मला थांबायला लागतं. तुझ्या वयाच्या बाईचं बारा तरी हवं. असतंच म्हणणारेही हवेतून बोलत नाहीत, २०१९-२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायका अॅनिमिक निघाल्या होत्या, पण सगळ्यांच्या घराला गळती आहे म्हणून आपली गळती शोधायची नाही का. कदाचित पाळीला जास्त जात असेल, तू लिहिलं नाहीस. पण पोट दुखतंय आणि रक्त कमी आहे हे दोन्ही एकत्र असलं की आतड्यातून रक्त जातंय का, किंवा आतडं लोह शोषून घेत नाहीये का, हे बघावं लागतं. जंत असू शकतात. अल्सर. गव्हाचा त्रास म्हणजे सिलिअॅक असू शकतो. आतड्याची सूज, आणि आपल्याकडे आतड्याचा टीबी विसरून चालत नाही, त्यात उजवीकडे खाली दुखतं, पोटात गुरगुर होते, संध्याकाळी बारीक ताप आणि वजन उतरतं. तुझं वजन उतरलं नाही ही चांगली गोष्ट आहे. मी तुला यातलं काही झालंय असं म्हणत नाहीये, यातलं काही नाही हे बघितल्याशिवाय आयबीएसचं लेबल लावून घेऊ नकोस एवढंच.

आणि ती गोळी! पाळीच्या दुखण्याच्या त्या गोळ्यांत बहुतेक मेफेनॅमिक अॅसिड असतं, जोडीला आतडं सैल करणारं एक औषध. महिन्यात दोन दिवस, पोटात काहीतरी असताना, ठीक आहे. तू घेतेयस आठवड्यात तीन-चार, आठ महिने, आणि सकाळचं ऐकलं म्हणजे बहुधा नुसत्या चहावर. याने जठराला जखमा होतात, त्या हळूहळू झिरपतात, आणि हिमोग्लोबिन खाली येतं. म्हणजे दुखण्यावर घेतलेली गोळीच दुखण्यात भर घालत असेल. याच औषधाने क्वचित एक गंभीर अॅलर्जी होते, अंगावर पुरळ आणि ताप येऊन लिव्हर-किडनीपर्यंत जाणारी, त्याबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉक्टरांना सावधही केलंय. तर आजपासून ती बंद. फारच कळ आली तर डॉक्टर दुसरं काही लिहून देतील.

संडासचा रंग बघत जा. घाण वाटली तरी बघ. डांबरासारखं काळं, चिकट, वेगळाच उग्र वास, तर त्याच दिवशी दाखवायचं. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या की संडास तशीही काळपट होते, तेव्हा घाबरू नकोस, त्यात तो चिकटपणा आणि तो वास नसतो. आणि लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहा लोह अडवतो.

डॉक्टरकडे या आठवड्यात जा, इमर्जन्सी नाही पण मे महिन्याच्या सुट्टीपर्यंतही ढकलू नकोस. ते बहुतेक सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) सांगतील, शौचाची तपासणी, सोनोग्राफी, आणि सिलिअॅकची रक्ततपासणी तू स्वतः विचार. एक महत्त्वाचं, शेजारणीने सांगितलं म्हणून चपाती आधीच सोडून भाकरीवर जाऊ नकोस, गहू बंद करून टेस्ट केली तर ती खोटी चांगली येऊ शकते. आधी टेस्ट, मग भाकरी. दूध पचत नाहीये का हे मात्र आजच करून बघता येईल, दोन आठवडे चहा कोरा, दूध बंद, दही ताक चालेल. रिपोर्टवरून गरज वाटली तर दुर्बिणीने बघू म्हणतील, त्याला घाबरून परत फिरू नकोस.

तोपर्यंत एक वही कर, शिक्षिका आहेस, तुला सवय आहे. किती वाजता दुखलं, किती वेळ, आधी काय खाल्लं, संडास कशी होती, पाळीचा कितवा दिवस. आणि रात्री झोपेतून उठवण्याइतकं कधी दुखलं का, हे नक्की लिही, कारण आयबीएस सहसा झोपेतून उठवत नाही. आमच्याकडे पेशंट येऊन 'सारखं दुखतं' म्हणतात आणि सारखं म्हणजे किती यावर दहा मिनिटं जातात, बाहेर वीस माणसं बसलेली असतात.

जाताना ते कॅम्पचं कागद शोधून ने, आणि घरात त्या गोळ्यांच्या जितक्या रिकाम्या स्ट्रिप सापडतील तितक्या एका पिशवीत घालून टेबलावर ठेव, नाव आठवत बसू नकोस.